‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांनी गेलेला डिलाईल रोड

शिवथर म्हटलं की बाहेरच्या माणसाला घळ आठवते, समर्थ आठवतात, दासबोध आठवतो. आमच्या खोऱ्यातल्या माणसाला आधी मुंबई आठवते. कसबे शिवथर असो, कुंभे शिवथर असो, नाहीतर महाड-पोलादपूरची दुसरी कुठली वाडी असो, घरातला एखादा तरी माणूस गिरणीत, गोदीत किंवा म्युनिसिपालटीत असायचा. गावातलं समाजमंदिर, विहाराचं छप्पर, जयंतीचा खर्च, कुणाचं आजारपण, सगळ्याला मुंबई मंडळाची वर्गणी यायची. त्या मंडळांच्या बैठका ज्या चाळींत व्हायच्या, त्या चाळींचा एक मोठा रस्ता म्हणजे लोअर परळचा डिलाईल रोड, आजचा ना. म. जोशी मार्ग. म्हणून लोअर परळच्या रस्त्यावरचा लेख महाडमधून लिहिला जातोय याचं कुणाला नवल वाटू नये. तो रस्ता आमच्या गावाचाच लांब गेलेला भाग होता.

आज त्या रस्त्याने चालत जा. अपोलो मिलच्या आवारात लोढांचा टॉवर आहे. मफतलाल मिलच्या जागेवर काचेची ऑफिसं आहेत. बीडीडी चाळींच्या जागी क्रेन उभ्या आहेत. रस्त्याला नाव मात्र अजून एका कामगार पुढाऱ्याचंच आहे. नारायण मल्हार जोशी म्हणजे १९२० साली आयटक उभी करणाऱ्यांपैकी एक, आणि सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. या लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्येच १९२४ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय सुरू झालं. कामगारांचा रस्ता, कामगाराचं नाव, आणि आता तिथे कामगार शोधावा लागतो.

हे कसं झालं असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं. गिरण्या जुन्या झाल्या, संपाने त्या बुडाल्या, काळ बदलला, विकास आला. जणू काही टॉवर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे आपोआप उगवले. माझं म्हणणं वेगळं आहे. डिलाईल रोड काळाने बदलला नाही. तो विकास नियंत्रण नियमावलीतल्या एका कलमाने बदलला, आणि त्या कलमातल्या दोन शब्दांच्या अर्थाने बदलला. ते कलम आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलं. हाच या लेखाचा मुद्दा आहे.

आधी आपली माणसं तिथे कशी गेली ते पाहू. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातले पेन्शनर. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे दाद मागणाऱ्यांत ते पहिले. भरतीचं दार बंद झालं आणि कोकणातल्या महारांना पोटासाठी मुंबईच्या गिरण्या आणि गोदी उरली. तिथेही जात आधीच पोचलेली होती. गिरणीतल्या विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, महाराला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार बरा होता तो साच्यावर. आपल्या वाट्याला आलं रिंग खातं, कमी पगाराचं. १९२८-२९ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा कामगार एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांची अडचण झाली होती. म्हणजे गिरणगाव म्हणजे कामगारांचा स्वर्ग होता, असं मी म्हणत नाही. चाळीतही जात होती. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं, आणि पँथर भागवत जाधव कसे मारले गेले, हे विसरून जुन्या चाळींचे उमाळे काढणाऱ्यांतला मी नाही.

पण त्या चाळीत एक गोष्ट होती. गावात ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्याला तिथे भाड्याची का होईना, स्वतःच्या नावाची खोली मिळत होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत अशा २०७ चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. त्या १६० फुटांत गावाकडून येणारा प्रत्येक पाव्हणा मावायचा. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाल्याची वळकटी पसरली जायची. रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी १९२७ ची महाड परिषद घडवण्यासाठी जिवाचं रान केलं, ते आपल्या दासगावचे. महाड आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांमध्ये येजा करणाऱ्या अशाच माणसांनी चळवळ बांधली. स्वस्त खोली नसती तर ती येजा झालीच नसती.

आता कलमाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. नंतरच्या वर्षांत मालकांच्या लक्षात आलं की कापडापेक्षा गिरणीखालची जमीन जास्त दामाची आहे. मुंबईत ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली ६०० एकरांच्या आसपास जमीन. पण ही जमीन औद्योगिक वापरासाठी राखलेली. तिथे घरं, दुकानं, ऑफिसं बांधायची तर वापर बदलायला हवा, आणि वापर बदलायची परवानगी देणारं सरकार.

१९९१ च्या नियमावलीत सरकारने कलम ५८ घातलं. ते कलम, खरं सांगायचं तर, बरं होतं. गिरणीच्या जमिनीचा वापर बदलायचा असेल तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक वाटा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला वाटा मालकाला. मागचा विचार साधा होता. जमिनीची किंमत मालकाच्या कर्तबगारीने वाढलेली नाही, शहराने वाढवलेली आहे, तर शहराला त्यातलं मिळालं पाहिजे. मालकांना हे पचणं शक्य नव्हतं. त्यांनी वाटे केले नाहीत. जुन्या इमारती तशाच ठेवून आत बदल करायला मुभा होती, तिचा आडोसा घेऊन फिनिक्स मिलमध्ये आधी बोलिंगचा खेळ सुरू झाला आणि मग मॉल. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित आराखडा सुचवला. तो बासनात गेला.

आणि २००१ साली कलम ५८ दुरुस्त झालं. तीन वाट्यांची भाषा तशीच राहिली. फक्त वाटे कशाचे करायचे ते बदललं. आता वाटे गिरणीच्या सगळ्या जमिनीचे नव्हेत, तर ‘मोकळ्या जमिनी’चे. म्हणजे ज्या जमिनीवर आधीपासून बांधकाम नव्हतं तेवढीच. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, चिमण्या, यंत्रांची घरं. तिच्या आवारात मोकळी जमीन असणार ती किती? शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती ‘मोकळी’ धरायची की नाही, यावर सगळा खेळ होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं की धरायची. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि दुरुस्ती कायम केली. झालं. शहराच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या शेकडो एकरांची मूठभर एकरांत बोळवण झाली. कुणी दंगल केली नाही, कुणाचं घर जाळलं नाही. दोन शब्दांवर भागलं.

त्या शब्दांची किंमत किती हे बघायचं असेल तर एकच उदाहरण घ्या. वरळीची मुंबई टेक्सटाइल मिल सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. २००५ साली ती डीएलएफला ७०२ कोटींना विकली गेली. २०१२ साली डीएलएफने तीच जमीन लोढांना २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत दोन हजार कोटींचा फरक. तिथे एक मीटर कापड विणलं गेलं नव्हतं.

महाडच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं तिथे एक ओंजळ पाणी आपल्याला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या कागदाचं पाणी केलं. मग काय झालं? ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने तोच ठराव रद्द केला. आणि सवर्ण मंडळी कोर्टात गेली ती कोणता दावा घेऊन? तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे! निकाल लागायला १९३७ उजाडलं. तळ्याचं पाणी कुणी प्यावं हा प्रश्न तेव्हाही शेवटी ‘सार्वजनिक’ आणि ‘खाजगी’ या शब्दांवर येऊन ठेपला होता. फरक एवढाच, की १९२७ ला आपण तळ्यावर होतो आणि कोर्टातही होतो. बाबासाहेब स्वतः वकील म्हणून कागदांशी झुंजत होते. २००१ ला कलम ५८ बदललं तेव्हा गिरणी कामगारांच्या काही संघटना आणि काही पर्यावरणवादी भांडत होते. आंबेडकरी चळवळ म्हणून आपण कुठे होतो? पुतळ्याच्या, नामांतराच्या, जयंतीच्या प्रश्नांवर रस्त्यावर येणारी आपली ताकद या कलमासाठी रस्त्यावर आली नाही.

आता ‘मोकळ्या जमिनी’च्या निकालानंतर कामगाराचं काय झालं? २००१ च्या दुरुस्तीत म्हाडाच्या वाट्यातली अर्धी घरं गिरणी कामगारांना देण्याची गोड गोळी होती. वाटाच आक्रसला तर त्यातला अर्धा किती उरणार? अर्ज आले सुमारे दीड लाख. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती ६,९२५. उरलेले रांगेत म्हातारे झाले, काही रांगेतच गेले, आता वारस कागद घेऊन फिरतात. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर त्यांना शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला गेला. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानात कामगार त्याविरुद्ध उभे राहिले. शेलू कुठे आहे? कर्जत तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. म्हणजे रायगडातून निघून मुंबई उभी करणाऱ्या माणसाला सरकार म्हणतंय, मुंबई बांधून झाली, आता परत रायगडात जा. गावकुसाबाहेर ठेवण्याची ही नवी रीत आहे. फक्त आता गावकूस शहराचं आहे आणि ते नकाशावर आखलेलं आहे.

रस्त्याचं काय झालं तेही पाहा. जमिनीचा वापर बदलला, माणसांची वर्दळ कैक पट झाली, पण स्टेशन तेच, पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या पबला आग लागून १४ माणसं गेली. २०१८ च्या जुलैत डिलाईल रोडचा रेल्वेवरचा पूल धोकादायक म्हणून बंद केला तो पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. टॉवरमधल्या माणसाला पूल बंद असला तरी गाडीतून वळसा घालता येतो. चालणाऱ्याला पाच वर्षं वळसाच नशिबी. खानावळ चालवणाऱ्या बाया, भाजीवाले, इस्त्रीवाले, ज्यांचं पोट पाळी सुटण्याच्या भोंग्यावर चालायचं, त्यांची तर कुठल्या कलमात नोंदच नव्हती.

इथे मला एक आक्षेप हमखास घेतला जाईल. बीडीडी चाळीतल्या आपल्याच लोकांना आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर फुकट मिळतंय, आणि तुम्ही रडगाणं गाता? १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, ते दिसत नाही का? दिसतं. आणि आनंदही आहे. शंभर वर्षं सामाईक संडासासमोर डबा घेऊन उभं राहिलेल्या घराला स्वतःचा संडास मिळाला, याच्याआड येणारा मी कोण? ज्यांना चाळीची संस्कृती फार प्यारी आहे त्यांनी आधी १६० फुटांत सून बाळंत होताना पाहावी. बाबासाहेबांनीही आपल्याला गाव सोडायला सांगितलं, झोपडी जपायला सांगितलं नाही. उंच इमारत हा आपला शत्रू नाही.

पण ते घर का मिळालं, हे नीट समजून घ्या. पहिलं कारण, ती जमीन सरकारी राहिली. ती खाजगी मालकाच्या हातात नव्हती. दुसरं, रहिवाशांच्या नावावर भाडेपावती होती, कागद होता. तिसरं, रहिवासी अडून बसले. करारनामा हातात द्या, पात्रता आधी ठरवा, मग खोली सोडतो, असं ठणकावून सांगणारी माणसं नायगावला आणि डिलाईल रोडला होती. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. आज जे मिळतंय ते त्यांच्या हट्टामुळेही मिळतंय. शिवडीच्या १२ चाळींना बघा. तशाच चाळी, तेच वय, पण जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणून त्या मागे राहिल्या. तीच भिंत, तोच माणूस. जमिनीचा कागद निराळा, म्हणून नशीब निराळं.

आणि घर मिळालं म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. १६० फुटांच्या खोलीला लिफ्ट नव्हती, पंप नव्हता. चाळीस मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर लागतो आणि त्याचा महिन्याचा खर्च लागतो. आज सवलत आहे, उद्या ती संपली की सफाई कामगाराच्या विधवेने तो हप्ता कुठून भरायचा? भरता आला नाही की घर भाड्याने जाईल, मग विकलं जाईल, आणि कुटुंब शेलू-वांगणीच्या त्याच वाटेला लागेल. कायद्याने न काढता, बिलाने काढतील. म्हणून देखभालीच्या कायमच्या निधीचा प्रश्न आत्ताच लावून धरला पाहिजे. शिवाय विहार, वाचनालय, जयंतीचं मैदान, व्यायामशाळा यांची जागा नव्या नकाशात कुठे आहे, किती आहे, कुणाच्या नावावर आहे, हे प्रत्येक रहिवाशाने विचारलं पाहिजे. २०२२ साली या वसाहतींना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी यांची नावं जाहीर झाली. ज्या चाळींनी आंबेडकरी चळवळ पोसली, तिथे बाबासाहेबांचं नाव कुणाला सुचलं नाही याचा राग येणं साहजिक आहे. पण पाटीवर कोणाचं नाव आहे यापेक्षा प्रॉपर्टी कार्डावर कोणाचं नाव आहे, याचा राग आपल्याला आधी यायला हवा.

हे सगळं महाडमध्ये बसून का सांगतोय? कारण हेच आता इथे येतंय. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यासारखी कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रासाठी एकच विकास नियमावली मंजूर झाली. छोट्या शहरांतही वाढीव बांधकामाचा, जास्त उंचीचा मार्ग मोकळा झाला. पुढच्याच जुलैत सावित्री शहरात शिरली आणि तळिये गाव दरडीखाली गेलं. महामार्ग रुंद होतोय, जमिनीचे भाव चढताहेत, शिवथरच्या वाटेवर पर्यटकांसाठी काय काय उभं करता येईल याच्या चर्चा होताहेत. आपली बौद्धवाडी मात्र बहुतेक गावांत अजून गावठाणाच्या कडेला नाहीतर उताराला. किती घरांखालची जमीन घरवाल्याच्या नावावर आहे? महार वतनाच्या किती जमिनी १९५८ च्या कायद्याखालची परवानगी न घेताच परक्या हातात गेल्या? आपल्याच वाडीचे सात-बारा आपण एकदा तरी एकत्र बसून वाचलेत का?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ प्रमाणे विकास आराखडा असो की नियमातली दुरुस्ती, ती होण्याआधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. कलम ३७ खालच्या फेरबदलाला एक महिन्याची मुदत असते. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापून येते. बिल्डरचा माणूस ती पहिल्या दिवशी वाचतो. आपण ती कधीच वाचत नाही, आणि क्रेन आली की मोर्चा काढतो. क्रेन येते तेव्हा लढाई हरून दहा वर्षं झालेली असतात.

प्रत्येक तालुक्यात शिकलेल्या चार-पाच पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावं. नगररचना कार्यालयाच्या सूचना वाचाव्या, सोप्या मराठीत वस्तीत सांगाव्या, हरकतीचे अर्ज गठ्ठ्याने भरावे, सुनावणीला माणसं न्यावी, माहितीच्या अधिकारात नकाशे काढावे. मुंबई मंडळांनी वर्गणीतला एक भाग यासाठी ठेवावा. यात टाळ्या नाहीत, फोटो नाही, हारतुरे नाहीत. पण बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटलं ते फक्त पदवीसाठी म्हटलं नव्हतं. जो कागद आपलं नशीब ठरवतो तो वाचता आला पाहिजे, हा त्याचा पहिला अर्थ.

चवदार तळ्याचा ठराव फिरवला गेला तेव्हा आपण गप्प बसलो नाही, म्हणून ते पाणी आज आपलं आहे. डिलाईल रोडचं कलम फिरवलं गेलं तेव्हा आपलं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून तो रस्ता आज दुसऱ्याचा आहे. पुढचं कलम महाडचं असेल. त्यावर हरकत नोंदवायला कोण जाणार, ते आजच ठरवा.

जय भीम! जय संविधान!